थोरलीचं तोंड

बुधवारी दुपारी दोनच्या सुमाराला डिंक्या फ्लोअरवर आला, तो एक तोंड चिकटवायला. काम अर्ध्या तासाचं. खळ शिजवायला वीस मिनिटं, चिकटवायला दहा. मग घरी जाऊन पाय लांब करून पडायचं, एवढाच त्याचा बेत होता.

तोंड पाकिटात होतं. मॅनेजरने ते सकाळीच दाराशी ठेवलं होतं आणि वर पेनाने लिहिलं होतं, ‘थोरली, नवीन.’

बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत त्याचा मागमूस नव्हता. शूटिंगच्या फ्लोअरला खिडकी नसते. बाहेर काही का वाजलेले असेनात, आत हे लोक म्हणतील ती वेळ. आज सुट्टी होती, म्हणून दिवे बंद, पंखे बंद, फक्त दारापाशी एक पिवळा बल्ब. त्या मिणमिणत्या उजेडात श्रीमंत घराण्याचा दिवाणखाना उभा होता. समोरून संगमरवर, मागून प्लायवूड आणि खिळे. मधे एक रुंद जिना होता, तो वर जाऊन भिंतीला आपटून संपत होता. बावीस वर्षं त्या जिन्यावरून माणसं तणतणत वर जात होती आणि मागच्या बाजूने लाकडी शिडीवरून मुकाट्याने खाली उतरत होती. या धंद्यातला मोठेपणा तो एवढाच, असं डिंक्याचं मत होतं, आणि ते त्याने कोणापासून लपवलं नव्हतं.

सीरियलची गोष्ट चार ओळींची. एक मोठं घर, घरात एक थोरली, आणि ती सगळ्यांना पुरून उरते. एवढं सांगायला यांना साडेपाच हजार एपिसोड लागले. त्यात थोरली दोनदा बेशुद्ध पडली, एकदा सगळं विसरली, एकदा तिची जुळी बहीण आली आणि ती नालायक निघाली. डिंक्याची बायको हे रोज संध्याकाळी डोळ्यांत पाणी आणून बघायची.

“अहो, थोरलीला विष दिलं हो.”

“दुपारी माझ्यासमोर दोन केळी खाल्ली तिने.”

“तुम्हाला मनच नाही,” असं म्हणून ती पुन्हा डोळे पुसायची.

दिवाणखान्याच्या मधल्या भिंतीवर कुटुंबाचा फोटो होता. माणसाच्या उंचीचा, सोनेरी चौकटीतला, प्लायवर चिकटवून खिळ्यांनी ठोकलेला. रोजचा एपिसोड त्या फोटोवरूनच सुरू व्हायचा. सीरियल चालली तेव्हा मालकाच्या डोक्यात बसलं की आपल्याला हा फोटो लाभला. म्हणून फोटो बदलायचा नाही. नट बदलला, तर त्याचं तेवढं तोंड बदलायचं. नव्या माणसाचं तोंड त्याच मापाचं छापून आणायचं, कडेने कापायचं, जुन्यावर चिकटवायचं. अंग तेच, तोंड नवं. जुनं तोंड खाली तसंच राहायचं. ते सोडवायला गेलं तर खालचा कागद फाटतो, आणि त्या कटकटीत पडायला वेळ कोणाला आहे.

गोष्टीत जो मरायचा त्याला हात लावायची गरज नसायची. मेलेला माणूस फोटोत शोभतो.

फोटोत नऊ माणसं होती. आठ नट आणि नववा डिंक्या. मागच्या रांगेत, उजव्या कोपऱ्यात, घरचा जुना कारभारी म्हणून. त्या दिवशी ज्याला बोलावलं होतं तो नट आलाच नाही, म्हणून भिंतीला रंग देत असलेल्या डिंक्याला हात धुवायला लावले आणि कोट चढवून उभं केलं. कोट ढगळ होता, पाठीमागे चार पिना टोचल्या होत्या. बावीस वर्षांत कोणी विचारलं नाही की हा कोण. पण काम संपलं की घरी निघताना डिंक्या एकदा त्या कोपऱ्याकडे बघून घ्यायचा. तेवढीच त्याची सीरियल.

सामानाच्या खोलीत त्याने शेगडी पेटवली. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद. मोरचूद घातला की कागदाला कसर लागत नाही. खळ रटरटायला लागली आणि तो आंबूस वास अंधारात पसरला. पातेलं घेऊन तो बाहेर आला, तेव्हा दिवाणखान्यातून आवाज आला.

“डिंक्या... तूच ना रे?”

थोरली सोफ्यावर बसली होती. मेकअप नव्हता, दागिने नव्हते, म्हणून ओळखायला त्याला जरा वेळ लागला. साठीची एक बारकी बाई, मांडीवर पर्स घट्ट धरून, डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तशी.

डिंक्या तिला चाळीस वर्षं ओळखत होता. एकोणिसाव्या वर्षी ती ट्रे घेऊन आत येणारी होती. तीन वर्षं ती नुसती ट्रे घेऊन आत आली आणि ट्रे ठेवून बाहेर गेली. मग रडणारी सून झाली, मग दुधात काहीबाही कालवणारी जाऊ झाली, आणि अडतिसाव्या वर्षी थोरली झाली. एवढ्या वर्षांत ती एकच गोष्ट शिकली होती. डावी भुवई चढवायची आणि मान तीन टप्प्यांत वळवायची. प्रत्येक टप्प्याला मागून ढोल वाजायचा. त्या एका भुवईवर तिने बावीस वर्षं काढली, बंगला बांधला, मुलगा परदेशात शिकवला. नवरा वारला तेव्हा भेटायला आलेल्या बायकांनी विचारलं की सीरियलमधल्या धाकट्याचं लग्न मोडणार का, आणि हिने रडता रडता सांगितलं, नाही मोडणार. हे डिंक्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

“बाई, दिवा लावू का मोठा?”

“नको. तू कशाला आलायस ते ठाऊक आहे मला. दाखव बघू ते पाकीट.”

त्याने दिलं. तिने नवं तोंड बल्बच्या दिशेने धरलं. पंचेचाळिशीची बाई, गाल वर आलेले, केस थोरलीसारखे बांधलेले.

“ही होय. हिच्या मी कानाखाली मारली होती एकदा. सीरियलमध्येच. धड रडता येत नव्हतं मेलीला.”

“हल्ली डोळ्यांत घालायचं औषध मिळतं.”

“तेव्हाही मिळायचं, शहाण्या.”

दोघं थोडं हसले. खळीवर साय धरायला लागली होती, आणि डिंक्याचं सगळं लक्ष तिकडे.

थोरलीला का काढलं ते सगळ्यांना माहीत होतं. तिच्या ध्यानात काही राहत नव्हतं. कानात यंत्र घालून मागून कोणीतरी वाक्य सांगायचं, की ही बोलायची. मागच्या महिन्यात तो सांगणारा कुणावर तरी खेकसला, “अरे, पंखा बंद कर.” आणि थोरली मरणाऱ्या दिराच्या उशाशी बसून, त्याचा हात हातात घेऊन, गदगदलेल्या आवाजात म्हणाली, “अरे, पंखा बंद कर.” दिराला हसू आवरलं नाही. तेव्हाच तिचा निकाल लागला. आता गोष्टीत थोरली डोंगरावर उपचाराला जाणार होती आणि नवं तोंड घेऊन परत येणार होती.

“मी मालकाकडे गेले होते,” ती म्हणाली. “म्हटलं, मला मारा. जिन्यावरून ढकला, विष द्या, गाडीखाली घाला, काय वाटेल ते करा. पण बदलू नका.”

“लोक उलटं सांगतात, बाई. मारू नका म्हणतात.”

“लोकांना ठाऊक नाही. मेलेल्याचं तोंड फोटोत राहतं.”

“मग काय म्हणाले मालक?”

“म्हणाले, थोरली मेली तर सीरियल कशी चालेल. थोरली मरत नसते. तुम्ही घरी आराम करा.” तिने फोटोकडे बघितलं. “डिंक्या, आजवर किती तोंडं झाकलीस तू या फोटोत?”

“तीन.”

“कुठे आहेत ती माणसं?”

“मला काय ठाऊक. असतील दुसऱ्या कुठल्या चॅनेलवर तोंड वेंगाडत.”

“मधला मुलगा होता ना, तो उंच... त्याचं तू संध्याकाळी चिकटवलंस. सकाळी घरच्यांनी दार फोडलं. धाकटी सून, तिचं लग्न ठरलं म्हणून ती सोडून गेली. विमानतळावर रांगेत उभी होती. म्हणाली, हवा आहे, पण आत येत नाही. तिथेच बसली, तिथेच गेली. तुला कोणी सांगितलं नाही?”

कोणी सांगितलं नव्हतं. डिंक्याने विचारलंही नव्हतं. एक नट गेला की दुसरा येतो. घरातल्या झुरळांची कोणी विचारपूस करतं का.

“आणि पहिली,” थोरलीचा आवाज एकदम खाली गेला. “तिला तापच होता रे... साधा ताप. आठ दिवसांत उठून आली असती.”

पहिली थोरली डिंक्याला चांगली आठवत होती. सीरियल सुरू होऊन तीनच महिने झाले होते. ती आजारी पडली, आणि तिसऱ्या दिवशी ही बाई, तेव्हाची जाऊ, फोटोत नसलेली, स्वतःच्या तोंडाचा फोटो मापात कापून घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. म्हणाली, मालकांनी सांगितलंय, आत्ताच्या आत्ता लाव. शिडीचा एक पाय आखूड होता, ती डुगडुगायची. म्हणून हिने स्वतः खाली उभं राहून शिडी दोन्ही हातांनी धरली आणि वर बघून सांगितलं, “नीट दाब रे डिंक्या, फुगा राहायला नको.” तोवर त्याला सगळे नावाने हाक मारायचे. त्या दिवसापासून तो डिंक्या झाला तो झालाच.

“मालकांनी सांगितलं नव्हतं तेव्हा,” ती म्हणाली. “मीच आले होते. एकदा माझं तोंड फोटोत बसलं की कोण काढणार, म्हटलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. तिला बघायला नाही... ती उठणार नाही ना, ते बघायला. ती तोंड ओरबाडत होती. म्हणत होती, ओलं आहे... कोणीतरी वरून ओलं ठेवलंय... काढा.”

“हे सगळं सीरियलमध्ये झकास दिसेल,” डिंक्या म्हणाला.

तिने राग धरला नाही. “माझं तोंड सोडवून दे. वरून नको लावूस काही. आधी माझं काढ, माझ्या हातात दे, मग तिथे हिचं लाव नाहीतर गाढवाचं लाव. मी एक शब्द बोलणार नाही.”

बावीस वर्षांची खळ म्हणजे दगड. ओलं फडकं ठेवून अख्खा दिवस भिजवायला लागणार, वाफ द्यायला लागणार, पातं घालून तसूतसूने उचलायला लागणार. डिंक्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. सांधे सुजलेले. आणि हे सगळं कोणासाठी, तर या भुवईसाठी.

“तुझं खरं नाव काय रे?” तिने मधेच विचारलं.

“डिंक्याच.”

“तसं नाही. आईने ठेवलेलं.”

त्याने पातेल्यातली खळ ढवळली. बावीस वर्षांनी आठवण झाली बाईंना. तेव्हा एक गोष्ट त्याच्या नजरेला आली होती. तिची भुवई जागची हलली नव्हती. मान सरळ होती. तोंड नुसतं तोंड होतं, त्यावर काहीच चाललेलं नव्हतं. पण त्याने मनात म्हटलं, ही नवी तऱ्हा काढलेली दिसतेय.

“बरं. बघू,” तो म्हणाला. “उद्या भिजवतो आणि काढून देतो.”

पायात घोटाळणाऱ्या मांजराला आपण जसं ‘हो हो’ म्हणतो, तसं म्हणाला. तिला ते पटलं. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलली, त्यामुळे कोण खरं बोलतंय हे कळायची सोय नव्हती. ती सोफ्याला धरून उठली. दाराशी जाऊन वळली.

“नक्की ना?”

“नक्की.”

दार लागलं. गाडी गेल्याचा आवाज आला. डिंक्याने शिडी भिंतीला लावली.

शिडी नेहमीसारखी डुगडुगली. तो वर चढला आणि ब्रशने थोरलीच्या तोंडाला खळ लावली. आधी कपाळ, मग गाल, शेवटी ओठ. मधून कडेला, हा त्याचा हात ठरलेला. मग नवं तोंड वर ठेवलं, फडक्याने मधून कडेकडे सारवत नेलं. छान बसलं. फक्त तोंडापाशी एक फुगा राहिला.

ओल्या कागदाखाली हवा राहते, त्यात नवल काही नाही. बोटाने कडेला ढकलायची. त्याने ढकलली. फुगा गेला, आणि तो हात पुसेपर्यंत पुन्हा तिथेच आला. त्याने पुन्हा ढकलला. पुन्हा आला. ओठांच्या जागी कागद वर यायचा, खाली बसायचा, वर यायचा. हाताला कोमट लागत होतं. खळ ताजी आहे, तो म्हणाला. फ्लोअरवर चिटपाखरू नव्हतं, तरी हे त्याने मोठ्याने म्हटलं.

“बाईचं तोंड गप्प बसेल तर शपथ.”

त्याने दोन्ही अंगठे फुग्याच्या दोन बाजूंना ठेवले आणि अंगाचा भार टाकला. फुगा अंगठ्यांच्या मधे धडपडला. ‘धडपडला’शिवाय त्याला दुसरा शब्द सुचेना. शिडी थरथरत होती, पण तो तर हलत नव्हता. मग लक्षात आलं की थरथर भिंतीतून येतेय. प्लायच्या मागून कोणी मुठी मारल्यासारखी, बारीक, घाईघाईची. त्याने दात आवळले आणि दाबून धरलं. किती वेळ, ते त्याला सांगता आलं नसतं. मग एकदम सगळं शांत झालं. कागद सपाट, ओला, गुळगुळीत.

खाली उतरून त्याने घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं. त्याने पातेलं धुतलं, खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि निघाला. त्या दिवशी कोपऱ्याकडे बघायचं राहून गेलं.

संध्याकाळी बायको टीव्हीसमोर रडत बसली होती.

“अहो, थोरली गेली.”

“आता कोणी विष दिलं?”

“खरंच गेली हो. बातम्यांत दाखवतायत.”

टॅक्सीवाल्याला कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं. तो बिचारा पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. बाई चांगल्या होत्या, खिडकीतून बघत होत्या, मला म्हणाल्या आज बरं वाटतंय. मग एकाएकी तोंडाला हात लावला. नखांनी ओढायला लागल्या. काढा, काढा, ओलं आहे, म्हणाल्या. तिथे तर काहीच नव्हतं. काचेवर मुठी मारत होत्या. मी गाडी बाजूला घेतली तेव्हा तीन दहा झाले होते.

“वय झालं होतं,” डिंक्या म्हणाला आणि जेवायला बसला. जेवण झाल्यावर त्याने हात धुतले. मग पुन्हा धुतले. अंगठ्यांचा वास जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या हॉलमध्ये थोरलीला लोकांनी बघावं म्हणून ठेवलं होतं. सगळी जत्रा जमली होती. आयुष्यात कधी तिच्याशी धड न बोललेले नट काळे चष्मे लावून एकमेकांच्या गळ्यात पडत होते. गोष्टीतला मोठा मुलगा असा काही रडला की कॅमेरावाल्याने त्याला थांबवलं आणि जरा उजेडाकडे वळून पुन्हा रडायला सांगितलं. तो वळला आणि रडला. तिचा पोटचा मुलगा एका बाजूला उभा होता. तो रडत नव्हता, म्हणून बायका आपसांत म्हणत होत्या की याच्यापेक्षा तो बरा.

रांग पुढे सरकली. डिंक्या तिच्यापाशी आला तेव्हा पोटच्या मुलाने त्याला विचारलं, “काका, तुम्ही सेटवरचे ना? आईच्या तोंडाला काय लावायचे तुम्ही लोक? दोनदा पुसलं, निघतच नाहीये.”

डिंक्या वाकला. केस जिथे सुरू होतात तिथे, कानांच्या कडेने, पांढरट पापुद्रा वाळला होता. त्यात जरा निळसर झाक होती. मोरचुदाची असते तशी. आणि ओठांच्या दोन्ही बाजूंना दोन खड्डे होते. उथळ, लांबट, अंगठ्याएवढे. फुलांच्या वासाखालून तो आंबूस वास आला.

त्याने दोन्ही हात खिशात घातले.

“पावडर असेल,” तो म्हणाला.

मॅनेजर बाहेर चहा पीत होता. डिंक्याला बघून त्याने हाक मारली.

“बरं झालं भेटलात. काल काम मस्त झालंय, मालक खूश आहेत. आता लगे हात अजून एक करून टाका. तो मागे कोपऱ्यात एक म्हातारा आहे बघा, कोटवाला. तिथे मालकांच्या सासऱ्यांचं तोंड लावायचंय. त्यांना फार हौस आहे टीव्हीवर यायची. पाकीट ठेवलंय मी फ्लोअरवर.”

“तो मी आहे,” डिंक्या म्हणाला.

“कोण?”

“तो कोटवाला. कारभारी. मी आहे तो.”

मॅनेजरने त्याच्याकडे नीट पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. मग हसला. “काय सांगता. तुम्ही होय? ओळखूच येत नाही हो.”

“ते तसंच राहू द्या.”

“अहो, दोन मिनिटांचं काम.”

“राहू द्या म्हणतोय ना. हवं तर सासऱ्यांना शेजारी उभं करा. दुसऱ्या कोणाच्या तोंडावर लावा. माझ्या नको.” बोलता बोलता डिंक्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. त्यात काहीतरी होतं जे त्याने काल दुपारी सोफ्यावरून ऐकलं होतं. “मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही, साहेब.”

“बरं,” मॅनेजर म्हणाला, आणि त्याची नजर डिंक्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. “बघू. सांगतो मालकांना.”

“नक्की?”

“नक्की, नक्की.”

तो सूर डिंक्या ओळखत होता. जगात दुसऱ्या कोणी ओळखला नसता इतका ओळखत होता.

तो घरी गेला नाही. हॉलपासून फ्लोअर वीस मिनिटांवर, ते तो दहा मिनिटांत आला, सुजलेल्या गुडघ्यांनी. बाहेर भर दुपार. आत तोच अंधार, तोच एक बल्ब. पाकीट शिडीच्या पायरीवर ठेवलं होतं. वर लिहिलं होतं, ‘कोपरा, म्हातारा.’ आज नाही केलं तर सोमवारी दुसरा कोणीतरी करणार. मग त्याच्याआधी आपणच आपलं तोंड कापून काढायचं, फोटोला भोक पडलं तर पडलं, आणि घरी न्यायचं. बायकोच्या कपाटात ठेवायचं. त्यावर कोणाला काही चिकटवता येणार नाही.

त्याने खिशातून पातं काढलं, शिडी कोपऱ्याला लावली आणि वर चढला. शिडी डुगडुगत होती. प्रत्येक पायरीला टक... टक... असा तो आखूड पाय जमिनीवर वाजत होता. नव्या थोरलीकडे त्याने बघितलं नाही.

कोपऱ्यातला कारभारी बावीस वर्षांपूर्वीचा होता. काळे केस, ढगळ कोट, फोटो काढणाऱ्याने मान सरळ धर म्हटलं म्हणून ताठरलेला. डिंक्याने पात्याला जागा बघावी म्हणून त्याच्या गालावर बोट ठेवलं.

बोट ओलं झालं.

त्याने हात बल्बच्या दिशेने धरला. खळ होती. ताजी, कोमट, निळसर. कारभाऱ्याच्या सबंध तोंडाला लावलेली. आधी कपाळ, मग गाल, शेवटी ओठ. मधून कडेला. तो सोडून तसा हात कोणाचा नव्हता. खोलीला कुलूप होतं, किल्ली त्याच्या खिशात टोचत होती, आणि पातेलं काल त्याने स्वतः पालथं घातलं होतं.

त्याच्या कपाळावरून काहीतरी गार गार खाली यायला लागलं. घाम, तो म्हणाला. म्हणायला तोंड उघडलं, तर ओठ एकमेकांना चिकटल्यासारखे सुटले.

हातातलं पातं निसटलं. ते खाली पडल्याचा आवाज यायला हवा होता. आला नाही. कोणी वरच्या वर ते झेललं असावं, तसं.

त्याने एक पाय खालच्या पायरीवर टाकला. शिडी डुगडुगली नाही. त्याने मुद्दाम अंग हलवून पाहिलं. शिडी खांबासारखी ठाम उभी होती. अशी ती बावीस वर्षांत एकदाच राहिली होती.

पावडरीचा वास आला, आणि त्याच्याखालून तो दुसरा.

“बाई...” तो म्हणाला. खाली बघितलं नाही. “बाई, मी उद्या काढून देणारच होतो...”

खालून, अगदी जवळून, वाक्य सांगणाऱ्यासारखा हलका आवाज आला.

“नीट दाब... फुगा राहायला नको.”

डिंक्या त्यानंतर कामावर आला नाही. म्हातारा माणूस, कंटाळला असेल, असं सगळे म्हणाले आणि सोमवारी नवा माणूस घेतला. डिंक्याचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे चौकशी करायची तरी कोणाची. बायको दोनदा फ्लोअरच्या दारापर्यंत आली. पहारेकऱ्याने विचारलं, कोणाकडे जायचंय. तिने सांगितलेलं नाव त्याने कधी ऐकलेलं नव्हतं.

सीरियल चालू आहे. नवी थोरली तीच भुवई चढवते, मागून तोच ढोल वाजतो, आणि बघणारे तसेच डोळे पुसतात. कोपऱ्यात मालकांचे सासरे ढगळ कोटात उभे आहेत, खुशीत.

नव्या माणसाची एकच कुरकुर असते. म्हणतो, बाकी फोटो ठीक आहे, पण त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याच्या ओठांपाशी रोज सकाळी फुगा येतो. दाबला की बसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. तो रोज शूटिंगच्या आधी चढतो आणि अंगठ्याने दाबून येतो.

शिडी मात्र चांगली आहे, म्हणतो. एक पाय आखूड आहे तिचा, तरी जरासुद्धा हलत नाही.